हिरवा ठिपका आणि साठ लॅपटॉप

चवथीच्या आदल्या आठवड्यात माझ्या भाच्यानं फोंड्याला नवा लॅपटॉप घेतला. पहिल्याच रात्री त्याचा फोन आला. "मामा, स्क्रीन काळा केला की डावीकडे एक हिरवा ठिपका दिसतो. पुसला तरी जात नाही." दुसऱ्या दिवशी नेटवर शोधाशोध करून त्यानं निकालही लावला होता: या मॉडेलचे सगळेच स्क्रीन असे आहेत, ढिगानं तक्रारी आहेत. दुकानदाराचं म्हणणं नेमकं उलटं. "साठ विकले, परत आलेला तुमचा पहिलाच."

नेटवर अशा वादात हेच दोन पक्ष असतात. सगळ्यांचेच खराब, किंवा माझा तर ठणठणीत आहे. दोघंही प्रामाणिक असतात. पण ज्याचा स्क्रीन चांगला आहे तो रात्री बारा वाजता उठून "माझा स्क्रीन चांगला आहे" असं लिहायला बसत नाही. म्हणून तक्रारींचा आकडा म्हणजे अपूर्णांकातला फक्त अंश. छेद, म्हणजे विकलेले एकूण लॅपटॉप, कुणापुढेच नसतो, आणि छेदाशिवाय टक्केवारी निघत नाही.

दुकानदाराच्या साठाचं काय? समजा शंभरात पाच स्क्रीन खरोखरच सदोष आहेत. तरीही साठ विकून एकही तक्रार न येण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास उरते. यावरून एक सोपा नियम निघतो: एकही दोष दिसला नाही तर ३ ला नगांच्या संख्येनं भागायचं, खरं प्रमाण बहुधा त्याहून कमी असतं. ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. साठांपैकी एकही परत आला नसता, तरी दुकानदाराला "पाच टक्क्यांहून कमी" एवढंच म्हणता आलं असतं. "दोषच नाही" असं नाही.

आता त्या ठिपक्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. मोबाइलवर पांढरं पान उघडा आणि काचेवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्या पानात लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे कण दिसू लागतात. लॅपटॉपच्या स्क्रीनवर असे तीन उपपिक्सेल मिळून एक पिक्सेल होतो. भाच्याचा स्क्रीन १९२० गुणिले १०८० चा, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल आणि ६२ लाख २० हजार ८०० उपपिक्सेल. प्रत्येक उपपिक्सेलमागे काचेवर उमटवलेला एक ट्रान्झिस्टर.

हा ट्रान्झिस्टर आपल्या गोव्यातल्या खाजन शेतीतल्या मानशीसारखा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारासारखा असतो. मानस उघडली की पाणी आत येतं, बंद केली की आतलं पाणी आतच राहतं. इथं पाण्याऐवजी विद्युतभार. सेकंदाला ६० वेळा स्क्रीनच्या १०८० ओळी वरून खाली एकेक करून उघडतात. एका ओळीच्या वाट्याला जेमतेम १५ मायक्रोसेकंद येतात. तेवढ्यात भार आत भरायचा, दार लावायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत तो सांभाळायचा. त्या भाराच्या जोरावर द्रवस्फटिकाचे लांबट रेणू वळतात. रेणूंच्या पुढे-मागे दोन ध्रुवीकारक फिल्म, म्हणजे ठरावीक दिशेनं कंपणारा प्रकाशच सोडणारे पापुद्रे, एकमेकींना काटकोनात असतात, आणि रेणू किती वळले यावर मागच्या दिव्याचा किती प्रकाश दुसऱ्या फिल्ममधून सुटेल ते ठरतं.

मानस मोडली तर? जुन्या टीएन प्रकारच्या स्क्रीनमध्ये रेणू मुळातच पिळलेले असतात आणि वीज नसताना प्रकाश पार जातो. तिथं ट्रान्झिस्टर कायमचा बंद पडला की उजळ ठिपका दिसतो. आयपीएस प्रकारात वीज नसली की अंधार, म्हणून तोच बिघाड काळा ठिपका होऊन दिसतो. एकच रोग, लक्षणं उलटी! भाच्याचा स्क्रीन आयपीएस. तिथं कायम हिरवं दिसतं म्हणजे त्या उपपिक्सेलला नको तेव्हाही वीज पोचते आहे. मानस गळते आहे.

आता या दारांचा हिशोब मांडू. दहा लाखांत एकच ट्रान्झिस्टर बिघडतो असं धरलं, तरी प्रत्येक स्क्रीनवर सरासरी सहा ठिपके येतील आणि निर्दोष स्क्रीन हजारात दोनच निघतील. शंभरातले नव्वद स्क्रीन स्वच्छ हवे असतील तर सुमारे सहा कोटींत एकच चूक परवडते. म्हणूनच २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकानं ठिपक्यांना काही प्रमाणात मुभाच दिली होती. दुसऱ्या वर्गाच्या स्क्रीनवर दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम उजळ पिक्सेल, २ कायम काळे पिक्सेल आणि ५ सदोष उपपिक्सेल चालत. ग्राहकाला हे कुणी सांगत नाही, आणि ते विक्रीच्या वेळीच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

भाच्याच्या शेजारणीनं लिंबू-मिरची बांधायला सांगितलं, कुणी टेबल आग्नेय कोपऱ्यात हलवायला. ट्रान्झिस्टरला दृष्ट लागत नाही आणि दिशाही कळत नाही. रंग भराभर बदलणाऱ्या व्हिडिओंनी मेलेला पिक्सेल दहा मिनिटांत जिवंत होतो, हा दावाही त्याच पठडीतला. अडकलेला एखादा उपपिक्सेल कधी सुटतो, पण तुटलेलं दार व्हिडिओनं सांधत नाही.

मग दोष सार्वत्रिक आहे का हे ओळखायचं कसं? किती जण ओरडतात ते मोजण्याऐवजी ठिपका कुठे आहे ते पाहावं. कारखान्यातली धूळ कुठेही बसते, त्यामुळे असे दोष प्रत्येक स्क्रीनवर वेगळ्या जागी येतात. रचनाच चुकली असेल तर दोष सगळीकडे एकाच जागी आणि एकाच रूपात दिसतो. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोचं असंच झालं. स्क्रीनच्या खालच्या कडेला नाटकाच्या रंगमंचावर पडावेत तसे प्रकाशाचे झोत दिसत, किंवा झाकण ठरावीक कोनापुढे नेलं की मागचा दिवाच जाई. झाकणाच्या प्रत्येक उघडझापीबरोबर एक पातळ केबल झिजत होती. पहिल्या महिन्यात मोजलं असतं तर तक्रारी जवळपास शून्य भरल्या असत्या, कारण केबल झिजायला वेळ लागतो. मे २०१९ मध्ये कंपनीनं मोफत दुरुस्ती जाहीर केली. तिथं तक्रार करणारेच बरोबर ठरले.

हे सांगितल्यावर भाच्यानं त्याच मॉडेलचे कॉलेजातल्या मित्रांचे तीन लॅपटॉप जमवले. बाहेर पाऊस, खोलीत काळोख, चारही स्क्रीनवर कोरी काळी प्रतिमा. हिरवा ठिपका फक्त त्याच्याच स्क्रीनवर. एका मित्राच्या स्क्रीनवर उजवीकडे वर लाल ठिपका होता, तो त्यानं कधी पाहिलाच नव्हता. उरलेल्या दोन स्क्रीनवर एकही नाही.

पण चारही स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात फिकट पिवळसर उजेड पाझरत होता. आयपीएसची नेहमीची झळाळी पाहण्याच्या कोनाबरोबर बदलते, म्हणून मी त्यांना मागे सरकून, मग बाजूनं पाहायला लावलं. उजेड हलला नाही. असा पाझर योगायोगानं कुठल्याही कोपऱ्यात येत असेल, तर चौघांतही एकाच कोपऱ्यात येण्याची शक्यता २५६ मध्ये ४, म्हणजे ६४ मध्ये १. चौघांपैकी एकानंही त्याची तक्रार केलेली नव्हती. भाच्यानं चारही स्क्रीनचे फोटो काढलेत, आणि शुक्रवारी ते चौघं मिळून दुकानात जाणार आहेत.