बोट, बटण आणि विरह

गेममधली प्रेमकथा पाहून कुणाचे डोळे भरून आले, की ऐकणारा विचारतो, ‘कार्टूनसाठी कसलं रडायचं?’ समोरचा मग ग्राफिक्सची आणि संगीताची तारीफ करू लागतो. पण चित्र आणि संगीत सिनेमातही असतं. गेममध्ये त्याहून जास्तीचं एकच असतं: खेळणाऱ्याचं बोट.

‘फ्लोरेन्स’ हा गेम घ्या. केन वाँग यांच्या मेलबर्नमधल्या ‘माउंटन्स’ स्टुडिओनं तो १४ फेब्रुवारी २०१८ रोजी आयफोनवर आणला, नंतर तो अँड्रॉइडवरही आला. पंचविशीतली फ्लोरेन्स आणि भारतीय वंशाचा चेलोवादक क्रिश यांची ही गोष्ट अर्ध्या-पाऊण तासात संपते. पहिल्या भेटीत फ्लोरेन्सला काही बोलायचं असलं, की कॉमिक्समध्ये असतो तसा संवादाचा रिकामा फुगा येतो आणि सोबत त्याचे सुटे तुकडे. शब्द एकही नाही. बोटानं तुकडे सरकवून फुगा पुरा करायचा. सुरुवातीला तुकडे जास्त असतात, जुळवायला वेळ लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात आणि शेवटी एकच उरतो: ठेवला की वाक्य पूर्ण. अवघडलेपण सरलं हे कुणी सांगत नाही, ते आधी हाताला कळतं. पुढे भांडण होतं तेव्हा याच तुकड्यांच्या कडा टोकदार होतात.

हाताला कळतं म्हणजे नेमकं काय होतं? मेंदू स्नायूंना हालचालीचा आदेश देतो, तेव्हा त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. त्या प्रतीवरून ‘आता असं असं जाणवेल’ हा अंदाज आधीच बांधला जातो. प्रत्यक्ष संवेदना अंदाजाशी जुळली, की ती ‘मीच केलेली’ ठरते. अशी संवेदना मंद वाटते. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या याचमुळे. लंडनमध्ये ब्लेकमोर, फ्रिथ आणि वोलपर्ट या मेंदूसंशोधकांनी हे यंत्रानं तपासलं. माणूस डाव्या हातानं दांडा हलवायचा आणि त्याबरहुकूम यंत्र त्याच्याच उजव्या तळव्यावर स्पंजचा तुकडा फिरवायचं. गुदगुल्या फारशा होत नव्हत्या. मग मध्ये १००, २००, ३०० मिलिसेकंदांचा (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) उशीर घातला, आणि उशीर वाढला तशा गुदगुल्याही वाढल्या. अंदाज आणि अनुभव यांचा सांधा निखळला, की स्वतःचाच स्पर्श परका वाटू लागतो.

मेंदूसंशोधक पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांचा २००२चा प्रयोग याच्याही पुढे जातो. समोर भरभर फिरणारा घड्याळाचा काटा. मनात येईल तेव्हा बटण दाबायचं. २५० मिलिसेकंदांनी ‘टुंग’ असा आवाज येतो. बटण दाबलं तेव्हा, किंवा आवाज आला तेव्हा, काटा कुठे होता ते सांगायचं. लोकांना आपली कृती सुमारे १५ मिलिसेकंद उशिरा झाल्यासारखी वाटली आणि आवाज सुमारे ४६ मिलिसेकंद लवकर आल्यासारखा. म्हणजे कृती आणि परिणाम मनात एकमेकांकडे सरकले! डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन तेच बोट आपोआप हलवलं, तेव्हा मात्र दोन्ही एकमेकांपासून लांब गेले. कार्यकारणाची नुसती जाणीवही यातला काही भाग घडवते असं काही संशोधक मानतात. तरी ‘हे मी केलं’ ही भावना मेंदू क्षणोक्षणी रचत असतो, एवढं यातून दिसतं.

आवाजावरून अश्रूंपर्यंतची उडी मोठी आहे, हे मान्य. पण पश्चात्ताप ही भावना घ्या. सिनेमातल्या ताटातुटीनं दुःख होतं, पश्चात्ताप होत नाही, कारण प्रेक्षकानं काही केलेलं नसतं. त्यासाठी कर्ता लागतो, आणि गेम नेमकं तेच कर्तेपण खेळणाऱ्याच्या हातात देतो. ‘गेममधल्या प्रेमानं मेंदूत ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा पूर येतो’ असं ठणकावून सांगणाऱ्या रील्स फिरत असतात. संप्रेरक मोजल्याशिवाय असं बोलणं म्हणजे ग्रह न पाहता कुंडली मांडणं, आणि कुंडलीतही विज्ञान नाहीच.

कर्तेपण बिघडतंही सहज. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. स्पर्श ओळखणं, हिशोब करणं आणि चित्र उमटणं यांत बऱ्याच फ्रेम गेल्या, की तुकडा बोटामागे फरफटत येतो आणि जादू ओसरते. दुसरा दोष कृतीच्या निवडीचा. २०१४च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर’मध्ये मित्राच्या अंत्यविधीला श्रद्धांजली वाहायची म्हणून संगणकावर ‘एफ’ दाबायला सांगितलं जातं. उशीर नसला, तरी त्या दाबण्याचं श्रद्धांजलीशी काही साम्य नाही, म्हणून प्रसंगाची चेष्टा झाली. उलट २००१च्या ‘इको’ या प्लेस्टेशनवरच्या गेममध्ये सोबतच्या योर्दा या मुलीचा हात धरायला कंट्रोलरवरचं आर-१ बटण दाबून ठेवावं लागतं. बोट सैल पडलं की तिचा हात सुटतो. इथे बटणावरची पकड आणि हातावरची पकड एकच.

‘फ्लोरेन्स’मध्ये क्रिश राहायला येतो तेव्हा फळ्यांवर जागा करायची असते. त्याचं काय मांडायचं आणि तिचं काय आत टाकायचं, ते खेळणाराच ठरवतो. काही प्रकरणांनंतर त्याच घरातून क्रिशचं सामान खोक्यात भरायचं असतं. मघाशी त्याच बोटानं, कौतुकानं मांडलेली वस्तू आता उचलायची. गेम ते स्वतःहून करत नाही. बोट पुढे येईपर्यंत ती वस्तू फळीवरच राहते.