हृदयातला रक्ताचा अडथळा आणि सीटी स्कॅन: कोणाला करतात, कागद कोणते लागतात

महाधमनीची झडप आकसली किंवा तिच्याखालचा स्नायू जाड झाला, की डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडताना अडतं. अडथळा किती हे आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतो. दाबातला फरक सीटीवर मोजता येत नाही. म्हणून इकोच्या अहवालाशिवाय सीटीच्या नोंदणीला जाऊ नये.

सीटी मुख्यतः दोघांना लागतो. एक, इकोचे आकडे जुळत नाहीत असे रुग्ण: झडपेचं क्षेत्रफळ १ चौ.सेंमी.हून कमी, पण सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ४० मिमी पाऱ्याच्या आत. यांचा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे झडपेवर किती कॅल्शियम साचलंय त्याचा आकडा, सीटीवर काढतात. पुरुषांत २०००, बायकांत १२०० च्या वर गेला, तर आजार गंभीर असण्याची शक्यता मोठी. यात काँट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) नसतो, त्यामुळे मूत्रपिंड अधू असलं तरी चालतं. दुसरे, टावीने (छाती न उघडता, बहुधा जांघेच्या धमनीतून नळी घालून) झडप बसवायचे रुग्ण: काँट्रास्ट देऊन छातीपासून जांघेच्या धमन्यांपर्यंत स्कॅन. चिठ्ठीवर यातलं नेमकं काय हवं ते डॉक्टरांकडून लिहून घ्याच. नुसतं ‘हार्ट सीटी’ लिहिलं आणि जांघेचा भाग राहून गेला, की पुन्हा काँट्रास्ट घ्यावा लागतो.

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाताना हृदयरोग ओपीडीचा केसपेपर, चिठ्ठी, इको, ईसीजी, ताजा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), चालू गोळ्यांची यादी आणि आधार कार्ड न्या. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) असेल तर तेही. ते गोव्यात किमान ५ वर्षं राहणाऱ्या कुटुंबांना मिळतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक जणांना ४ लाखांचं संरक्षण. नुसती तपासणी त्यात बसते का, हे योजनेच्या काउंटरवर आधीच विचारलेलं बरं.

काँट्रास्टच्या स्कॅनला काही तास उपाशी राहायला सांगतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी मात्र बंद करू नका. स्नायू जाड असलेल्यांत शरीर सुकलं की अडथळा वाढतो. चहा-कॉफी नको, नाडी वाढते आणि चित्र हलतं. रक्तवाहिन्यांच्या साध्या सीटीला जिभेखाली नायट्रेटचा फवारा देतात. तो इथे धोक्याचा, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. त्यामुळे अडथळ्याचं निदान टेबलावर चढण्यापूर्वी तंत्रज्ञाला तोंडी सांगा. बीटा-ब्लॉकरची (नाडी मंदावणारी) गोळी स्वतःहून घेऊ नका, सोडूही नका.

अहवालासोबत चित्रांची सीडी मागून घ्या. झडपेचं माप शस्त्रक्रियेची टीम मूळ चित्रांवरच पुन्हा घेते.