ठोका एकच, कान दोन ठिकाणी

गंगापूर रोडला जुन्या बंगल्यावर मजला चढवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, खालचे पिअर, म्हणजे पायाचे जमिनीत उतरलेले खांब, गेलेत किती खोल? नकाशा सापडत नाही. मिस्त्री म्हणतो, "मुरूम लागेस्तोवर नेलेत." आता नाशकात मुरूम एका प्लॉटवर चार फुटांवर, तर शेजारी बारा फुटांवर! मग कोणीतरी सुचवतं, हातोडीची टेस्ट करून घ्या. या एका नावाखाली दोन वेगळ्या टेस्ट चालतात. (रिबाउंड हॅमर तिसराच. तो पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, खोलीबद्दल काही नाही.)

पहिली सॉनिक एको. पिअरच्या माथ्यावर छोटी हातोडी मारायची, सेन्सरही तिथेच चिकटवलेला. लहर तळापर्यंत जाते, आपटून परत येते. काँक्रीटमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण ४००० मीटर. प्रतिध्वनी ३ मिलिसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे लांबी ६ मीटर. पण हा वेग बहुतेकदा गृहीत धरलेला असतो. काँक्रीट हलकं निघून वेग ३६०० भरला, तर तीच लांबी ५.४ मीटर होते. दोन फुटांचा फरक. तेवढ्यात पाया मुरमात आहे की काळ्या मातीत, हे ठरतं. शिवाय ही लांबी ठोक्याच्या जागेपासूनची, जमिनीवरचा भाग वजा करायचा राहूनच जातो.

खरी गोची वेगळी. उभ्या घरात पिअरचा माथा मोकळा नसतोच. वर प्लिंथ बीम (जोत्याची आडवी तुळई), कॉलम. लहर तिकडेही पळते आणि प्रतिध्वनींची खिचडी होते. पिअर आखूड आणि जाड असेल तर आणखी कठीण. नव्या, माथा उघडा असलेल्या पाइलसाठी (जमिनीत खोल उतरलेला सडपातळ खांब) टेस्ट उत्तम, पण तिच्या एकटीच्या भरवशावर मी मजला चढवणार नाही.

दुसरी पॅरलल सिस्मिक. इथे ठोका कॉलमवर आणि कान बाजूला. पिअरपासून मीटर-दीड मीटरवर बोअर घ्यायचा, अंदाजे तळाच्या तीन-चार मीटर खाली न्यायचा, त्यात बूड बंद असलेला पीव्हीसी पाइप बसवून पाणी भरायचं. हायड्रोफोन (पाण्यात ऐकणारा मायक्रोफोन) टप्प्याटप्प्याने खाली सोडत प्रत्येक खोलीवर ठोका द्यायचा. पिअर सोबत आहे तोवर लहर दर मीटरला पाव मिलिसेकंदाने उशिरा येते. तळ मागे पडला की उरलेली वाट मातीतून, म्हणून उशीर एकदम वाढतो. आलेखाची रेघ जिथे वाकते, तिथे तळ. वर कितीही बीम असोत, फार बिघडत नाही.

खोदकाम नको म्हणणाऱ्याला बोअरचा खर्च टोचतो, हे खरं. आणि आपल्याकडे आणखी एक पेच आहे. पिअर थेट काळ्या पाषाणावर टेकला असेल, तर अखंड बेसॉल्टमध्ये लहर काँक्रीटइतकी किंवा जास्तच वेगाने धावते, त्यामुळे रेघ नीट वाकतच नाही. म्हणून बोअरवाल्याला आधीच सांगून ठेवायचं, काळी माती कुठल्या फुटाला संपली, मुरूम कुठे लागला, दगड कुठे लागला, ते जागच्या जागी वहीत लिही.