घाट उतरण्याआधी: जुन्या घाटाचा सर्फबोर्ड आणि त्याची फिन

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या फायबरच्या वर्कशॉपबाहेर सर्फबोर्ड उभा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: 'रंकाळ्यात चालतंय काय?' नाही चालत, तिथं लाट नाही. दुसरा प्रश्न किमतीचा. त्याचं उत्तर देण्याआधी आम्हीच तीन गोष्टी विचारतो: वजन किती, वर्षातून किती वेळा घाट उतरता, आणि उतरून जाता कुठं?

तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांचं सारखंच. फोंडा घाटातून मालवण-तारकर्ली, नाहीतर आंबोलीवरून शिरोडा आणि पुढं गोव्यातलं आश्वे-मांद्रे. पावसाळा सोडला तर इथली लाट बहुतेक दिवस गुडघ्यापासून कमरेपर्यंतची, जोर बेताचा. सकाळी मतलई वारे असेपर्यंत पाणी घोटीव. दुपारी खारे वारे सुटले की सगळं विस्कटतं. व्हिडिओत दिसणारे पातळ, टोकदार बोर्ड या पाण्यात रुतून बसतात, कारण त्यांना लाटेकडूनच जोर हवा असतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या घाटाचे, म्हणजे आकाराचे, बोर्ड रुंद, जाड आणि तळाला बरेच सपाट. मरगळलेल्या लाटेवरही ते घसरत राहतात. आम्ही या घाटाच्या मागं लागलो ते एवढ्यासाठीच. रंग देखणे असतात हा वरचा फायदा.

नऊ फुटांवरचा लाँगबोर्ड सगळ्यात लवकर लाट पकडतो. गुडघाभर पाण्याला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण लाट एका बाजूनं उलगडत न जाता सगळी एकदम कोसळत असेल, तर त्याचं नाक पाण्यात घुसतं आणि माणूस पुढं उडतो. शिवाय नऊ फूट लांबडं गाडीच्या टपावर बांधून घाटातली वळणं घ्यायची, हेही धरून चाला.

फिश म्हणजे माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला बोर्ड, साधारण साडेपाच ते सव्वासहा फूट. सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसनं १९६७ मध्ये तो गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी बनवला होता. उभं राहून चालवणं नंतर आलं. कमरेएवढ्या लाटेवर तो सुसाट पळतो. मात्र पहिलाच बोर्ड म्हणून फिश मागाल तर आम्ही तुम्हाला चहा पाजू आणि दुसरं काहीतरी दाखवू. नवशिक्याला किलोमागे निदान एक लिटर घनफळ लागतं, असा आमचा ठोकताळा. सत्तर किलोच्या माणसाला तेवढं छोट्या फिशमध्ये कुठलं मिळायला?

एकच बोर्ड घेणार असाल तर सात ते साडेसात फुटांचा अंडाकृती घ्या. गुडघाभर लाटेत चालतो, छातीएवढी आली तरी घाबरवत नाही.

आता फिन, म्हणजे बोर्डाखाली शेपटीकडं बसवलेलं पातं. गिऱ्हाईक बोर्डावर दोन तास घालवतं आणि फिनवर दोन मिनिटं, हे आम्हाला कधीच कळलेलं नाही. अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकनं १९३५ मध्ये बोर्डाखाली पहिली फिन बसवली. तोवर बोर्ड वळवायला पाय पाण्यात ओढावा लागे. पाठीमागचा भाग पाण्यात धरून ठेवणं, हे फिनचं मूळ काम.

एका फिनच्या बोर्डासाठी सोपं माप: जितके फूट बोर्ड, साधारण तितके इंच फिन. सात फुटी बोर्डाला सात इंची. मागं झुकलेली फिन लांब, ऐसपैस वळणं देते. उभी आणि टोकाला रुंद असलेली जागच्या जागी फिरवते. बोर्डाच्या खाचेत फिन पुढं सरकवली की बोर्ड मोकळा वळतो, मागं नेली की सरळ आणि स्थिर धावतो. अर्धा इंच सरकवली तरी फरक कळतो. स्क्रूड्रायव्हर सोबत न्या आणि एका सकाळीच दोन्ही जागा करून बघा. लाट उभी आणि जोरकस असेल तर मधल्या फिनच्या दोन्ही बाजूंना छोट्या फिन लावता येतात, पण तशा खाचा बोर्डाला असाव्या लागतात.

फिशला दोन कील फिन: बुडाशी लांब, उंचीला कमी. सरळ वेग भरपूर, तीव्र वळणाला आळशी. सायमन अँडरसननं १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा तीन फिनच्या बोर्डावर जिंकली आणि जगभर तीच रीत पडली. आपल्या मऊ लाटेला तिसरीची गरज क्वचितच पडते.

ऑनलाइन फिन मागवताना खाच बघा. एफसीएस आणि फ्युचर्स या दोन कंपन्यांच्या खाचा वेगळ्या, एकाची फिन दुसऱ्यात बसत नाही.

दुरुस्तीबद्दल एक कबुली. सुरुवातीला आम्ही एका ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीच्या, फोमच्या बोर्डाला सवयीनं पॉलिएस्टर रेझिन लावलं. फोम आमच्या डोळ्यांदेखत विरघळला. नवा बोर्ड पदरचा द्यावा लागला. ईपीएसला इपॉक्सीच लागतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोमला पॉलिएस्टर चालतं. तुमचा कुठला ते माहीत नसेल तर घरी प्रयोग करू नका. आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत बोर्ड ठेवून जेवायला जाऊ नका, वरचं फायबरचं कापड फोमपासून सुटून फुगतं.

जून ते सप्टेंबर आम्ही कुणालाही बोर्ड घेऊन खाली जायला सांगत नाही, समुद्र तेव्हा आपला नसतो. ते चार महिने दुरुस्तीचे. जुना बोर्ड फिनसकट घेऊन या; खाच मोजल्याशिवाय फोनवर फिन देत नाही. सोमवारी बंद.