चार, चारा आणि फोनवरचं वाचन

म, क, न ही तीन अक्षरं आणि एक काना. एवढ्या भांडवलावर मामा, काका, नाना, मका, काम, कान, नाक, मान, कमान असे नऊ शब्द होतात. पहिलीतल्या मुलाला फोनवर वाचायला बसवताना पहिला आठवडा एवढ्यावरच काढावा. क ते ज्ञ गाऊन घेणारी ॲप दिसायला छान, पण त्यात गाणं पाठ होतं, अक्षर नाही.

बोलणं मूल ऐकून शिकतं, वाचन शिकवावं लागतं. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे खालच्या अंगाला, एक भाग सरावानं अक्षरं ओळखायला तयार होतो. त्यासाठी नजर अक्षरावर असतानाच त्याचा आवाज कानावर पडायला हवा. म्हणूनच बोट लावलं की तेवढंच अक्षर बोलणारं साधन उपयोगाचं.

मराठीत गोची होते ती इथे. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. वेलांटी आणि क वेगवेगळे उजळवणारं ॲप मुलाला गोंधळात टाकतं. ‘कि’ अख्खं उजळायला हवं. ‘चार’ आणि जनावरांचा ‘चारा’ यांतले च वेगळे, पण यंत्राचा आवाज दोन्ही सारखेच म्हणू शकतो. म्हणून शब्द आधी स्वतः ऐकून पाहावेत. ल आणि श हिंदी वळणाचे असतील तर पाठ्यपुस्तकातला ल मुलाला परका वाटतो.

गूगलच्या रीड अलाँगसारखं ॲप मुलाचं वाचन ऐकतं. पण ‘पाणी’ला घरच्या बोलीत ‘पानी’ म्हटलं, तर ती वाचनाची चूक नव्हे. ॲपनं अडवलं तरी मोठ्यांनी अडवू नये. वर्गाच्या गलक्यात माइक चुकतोच. एका फोनमागे दोन मुलं, पंधरा मिनिटं, कोपऱ्यात.

मुलं हुशार असतात: चित्र पाहून शब्द सांगतात, नाहीतर तीन पर्यायांवर बरोबर येईपर्यंत टकटक करतात. गुण वाढतात, वाचन नाही. चित्र हातानं झाका, आवाज बंद करा आणि तेच शब्द क्रम बदलून पाटीवर लिहा. तिथे ‘कमान’ला मूल ‘क… मा… न’ म्हणून थांबलं, तर अक्षरं येतात, जोडणं राहिलंय. मग ‘मान’ लिहून वाचून घ्या आणि त्याच्या आधी क लावा.

बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात. उसाच्या फडात रेंजचा भरवसा नाही, म्हणून गोष्टी गावातच डाउनलोड करून घ्याव्यात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे. फोन बापाबरोबर फडात गेला, तरी कागद कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, राहतो.