मूत्राशय निरीक्षण, अनाक्रमक

मूत्राशयात किती लघवी साठली आहे, हे नळी न घालता शरीराबाहेरून अजमावण्याचे तंत्र. लघवीवर ताबा न राहणारे रुग्ण, तसेच मज्जारज्जूच्या इजेने मूत्राशय भरल्याची जाणीव हरपलेले रुग्ण यांच्यासाठी ते वापरतात.

तंत्राचा उगम कोठे धरावा, हे व्याख्येवर ठरते. बालरोगतज्ज्ञ मायनहार्ट फाउंडलर यांनी १९०४ च्या सुमारास अंथरूण ओले होताच घंटा वाजवणारी योजना वर्णिली. तिचा हेतू परिचारिकांना सूचना देण्याचा होता; उपचार म्हणून तिला पद्धतशीर रूप दिले ते मानसशास्त्रज्ञ मॉवरर दांपत्याने, १९३८ मध्ये. परंतु ही घंटा लघवी होऊन गेल्यावर वाजते. त्यामुळे साठा मोजणाऱ्या तंत्राची सुरुवात अमेरिकेतील डेन्व्हरचे डॉक्टर जोसेफ होम्स यांच्या १९६७ च्या सुमाराच्या श्राव्यातीत ध्वनीच्या (अल्ट्रासाऊंड; सोनोग्राफीत वापरतात तो) अभ्यासांपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

श्राव्यातीत ध्वनी मऊ ऊतींतून सेकंदाला सु. १,५४० मी. वेगाने जातो. मूत्राशयाच्या पुढच्या व मागच्या भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनींमधील कालांतरावरून अंतर मिळते. लांबी, रुंदी व खोली यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणून घनफळ काढतात. हा गुणांक लंबगोलाचा आहे. मूत्राशय मात्र भरताना आकार बदलते, म्हणून काही अभ्यासक ०.७ पर्यंतचे गुणांक घेतात. जलोदर किंवा अंडाशयातील मोठी गाठ असल्यास यंत्र तेथील द्रवही लघवीत धरू शकते. ओटीपोटावर बसवायची, मूत्राशय भरत आल्याचा इशारा देणारी जपानी व डच साधने २०१० नंतरच्या दशकातील. विद्युत्-रोधावर (शरीरातून सोडलेल्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावर) आधारलेली पद्धत स्वस्त, पण लघवीतील क्षारांचे प्रमाण आणि रुग्णाची कूस बदलली की आकडा हलतो. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीत अशा इशाऱ्यांचा फारसा उपयोग नाही.

सांगली जिल्ह्यात मिरज हे जुने वैद्यकीय केंद्र. तेथील वॉनलेस रुग्णालय १८९४ चे. या भागात नेहमीची तपासणी म्हणजे भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून केलेली सोनोग्राफी आणि लघवी करून आल्यावर उरलेल्या लघवीचे मोजमाप. हा उरलेला साठा ५० मिलि.च्या आत असल्यास सहसा चिंतेचे कारण नसते, २०० मिलि.च्या वर असल्यास मूत्राशय नीट रिकामे होत नाही असे मानतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने (१९९४; पुढे सुधारित) सोनोग्राफी यंत्रे नोंदणीकृत केंद्रांनाच विकता येतात. मिरज तालुक्यातील म्हैसाळच्या २०१७ च्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणानंतर हा विषय या भागात कागदापुरता राहिलेला नाही. साहजिकच प्रतिमा न दाखवता केवळ आकडा देणारे साधन कायद्याच्या कक्षेत कितपत येते, हा प्रश्न घरगुती वापरासाठी कळीचा आहे. घरोघरी अजून भर आहे तो प्रौढांच्या डायपरवर आणि ठरावीक वेळाने लघवीला नेण्यावर.