कृंतकजन्य विषाणू

उंदीर, घुशी अशा कृंतक गणातील प्राण्यांच्या शरीरात वास करणारे आणि त्यांची लघवी, लेंड्या व लाळ यांवाटे माणसाला बाधणारे विषाणू. यजमान उंदीर सहसा आजारी दिसत नाही, पण महिनोन्महिने विषाणू बाहेर टाकत राहतो. चाव्यातून लागण क्वचितच होते; मुख्य धोका वाळलेल्या लघवी-लेंड्यांची धूळ श्वासात जाण्याचा.

म्हणूनच नाशिक जिल्ह्यात हा विषय शेतघराच्या दारापर्यंत येतो. निफाड-लासलगावची कांदाचाळ, येवल्याकडची मक्याची साठवण, इगतपुरी-पेठ भागातील भाताच्या कणग्या, सगळीकडे उंदरांचा वावर असतो. हंगामाआधी बंद खोली उघडून खराट्याने कोरडी झाडणे ही आपली नेहमीची रीत; धोक्याची तीच.

या गटातील हंटा विषाणू सर्वांत परिचित. कोरियन युद्धात ३,००० हून अधिक सैनिकांना रक्तस्रावी ताप आला, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कारण मात्र १९७६ मध्ये कोरियन शास्त्रज्ञ हो वांग ली यांना शेतउंदराच्या फुप्फुसात सापडले. कोरियातील हंटान नदीवरून विषाणूला नाव मिळाले. १९९३ मध्ये अमेरिकेत फुप्फुसांवर आघात करणारा प्रकार आढळला; त्यात शंभरातील सुमारे ३५ ते ४० रुग्ण दगावतात. भारतात १९६४ मध्ये वेल्लोरजवळ चिचुंद्रीत थोट्टापालयम विषाणू मिळाला, तो हंटाच असल्याचे पुढे कळले. चिचुंद्री मात्र कृंतक नव्हे, कीटकभक्षी. या विषाणूने माणसे आजारी पडल्याचे सिद्ध झालेले नाही. पश्चिम आफ्रिकेतील लासा ताप (१९६९ मध्ये ओळखला गेला) वेगळ्या, अरीना कुळातील विषाणूचा. घरउंदराकडूनही त्याच कुळातील एक विषाणू येतो. त्याने मेंदूज्वर होतो आणि गर्भाला इजा पोहोचते.

सुरुवातीला ताप, अंगदुखी, उलट्या एवढेच दिसते, त्यामुळे डेंग्यू किंवा लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) शंका आधी येते. लेप्टो आणि प्लेग हेही उंदरांशी जोडलेले, पण जिवाणूंचे रोग. त्यांवर प्रतिजैविके चालतात, विषाणूंवर नाही. डॉक्टरांना गेल्या महिना-दोन महिन्यांत कोठार साफ केल्याचे सांगावेच, कारण हंटाची लक्षणे आठ आठवड्यांनीही दिसू शकतात.

साफसफाईआधी दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे. हातमोजे घालून लेंड्यांवर एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी शिंपडावे, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसावे. ब्लीचने विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. लासा तापावर रिबाव्हिरिन हे विषाणूरोधक औषध दिले जाते; हंटाच्या फुप्फुसविकारावर खात्रीचे औषध नाही, वेळीच अतिदक्षता विभाग आणि प्राणवायू यांवरच भिस्त असते.